डाव्या हाताची नदी

सकाळी उठल्यावर कुणाशी बोलायच्या आधी चाचा पाण्याच्या डब्यात डावा हात मनगटापर्यंत बुडवायचे. डोळे मिटून जरा वेळ तसेच बसायचे. मग हात न पुसताच म्हणायचे, "आज पाणी उतरलंय. मासे सावलीला गेलेत." एवढं झालं की स्टोव्ह पेटवायचे.

आता तुम्हीच सांगा, आखातातल्या त्या देऱ्यात उतरायला पाणी होतं कुठलं? साठ सालानंतरची ती पहिली वर्षं. गावाला खाडी होती, पण गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून दारात यायचं, आणि जूनमध्ये ते डब्यातच इतकं तापायचं की तोंड धुताना चटका बसे. चाचा ज्या नदीबद्दल बोलत होते ती कॅनडात होती. आमच्या खोलीपासून अर्ध्या जगावर.

आम्ही चौघे रत्नागिरी-श्रीवर्धनकडचे, कुणी टायपिस्ट, कुणी गोदामातला, आणि मी एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात कारकून. चाचा आमचं जेवण करायचे. पूर्वी ते जहाजावर भंडारी म्हणजे स्वयंपाकी होते. त्यांचं गाव माझ्या गावापासून खाडीच्या पलीकडे, म्हणून माझ्यावर जरा जास्त माया. ती ते भाकरीचा करपलेला तुकडा मला देऊन व्यक्त करायचे, कारण मला तो आवडतो असं त्यांनी एकदा परस्पर ठरवून टाकलं होतं.

टायपिस्ट त्यांना छळायचा. "चाचा, आज का वेदर रिपोर्ट? सामन मिळणार का लंचला?"

"नाय मिळणार. सामन अजून समुद्रातच हाय. नदीच्या तोंडाशी थांबलाय. पाणी वाढल्याशिवाय तो आत शिरायचा नाय."

"सामन म्हणजे आपला रावसच ना?"

"रावस?" चाचा उलथनं खाली ठेवायचे. "रावस कुठे, सामन कुठे! खलास. तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाय."

पण बोलायचे. ट्राउट अंगावर ठिपक्याठिपक्यांचा असतो, ऊन वाढलं की तळ्याच्या बुडाशी जातो, नाहीतर जिथे गार झरा मिळतो तिथे तोंड लावून राहतो, आणि पहाटे नाहीतर दिवस कलल्यावरच गळाला लागतो. स्टीलहेड नावाचा एक त्याचाच भाऊबंद, समुद्रात जाऊन पोलादासारखा होऊन परत येतो. "पोलादाचं डोकं शिजवायला किती रॉकेल लागतं?" असं टायपिस्टने विचारलं की आम्ही हसायचो. चाचाही हसायचे. मला वाटायचं, जहाजावरच्या माणसाला असतो तसा एखादा छंद असेल.

हे फक्त उन्हाळ्यात चालायचं. बाकीच्या दिवसांत ते डब्याकडे बघायचेही नाहीत.

एका जुम्म्याला नमाज झाल्यावर आम्ही दोघे खाडीच्या धक्क्यावर गेलो. चाचांनी शेरी मासे घेतले आणि तिथेच पायऱ्यांवर बसून साफ करू लागले. मी सहज विचारलं, "चाचा, हात नेहमी डावाच का हो?"

त्यांची सुरी थांबली नाही. "धाकट्याचा हात ह्याच हातात होता," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ त्याच जहाजावर खलाशी होता. कॅनडाच्या एका लाकूड भरायच्या बंदरात जहाज दुरुस्तीला लागलं आणि एक अख्खा उन्हाळा तिथे गेला. दोघे नदीवर मासे मारायला जायचे. एकदा धाकट्याच्या गळाला मोठा स्टीलहेड लागला. धाकटा दगडावरून घसरला, चाचांनी डाव्या हाताने त्याला धरलं, आणि त्या बर्फाच्या पाण्यात हात बधिर होऊन सुटला. धाकटा एका खोल डोहात गेला तो वर आलाच नाही. पाणी कमी होतं, नितळ होतं, तरी सापडला नाही.

"तिथला एक म्हातारा कोळी मला म्हणाला, सामन कितीही लांब गेला तरी आपल्याच नदीला परत येतो. धाकटापण येईल. नुसता डोहात अडकलाय. भर उन्हाळ्यात पाणी वाढलं की सुटेल. सुटला की समुद्र, आणि समुद्रातून आपली खाडी. इन्शाल्ला."

"आणि तुम्ही घरी कधी जाणार?"

"एकटा कसा जाऊ? अम्माने निघताना सांगितलं होतं, दोघं जाताय, दोघंच या."

म्हणजे तेव्हापासून ते घरीच गेले नव्हते. आईला धाकट्याचं कुणी सांगितलंही नव्हतं. ती वाट बघत होती. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. माणूस गेला की गेला, त्याची वाट बघायला लावून आईला का जाळायचं?

त्याच आठवड्यात मी ती गोष्ट केली, जी करायला नको होती असं मला अजून वाटतं. चाचांनी सकाळी डब्यातून हात काढला आणि मी तो पकडला. डब्यातलं पाणी मी नुकतंच तोंडावर घेतलं होतं, कढत होतं. चाचांचा हात बर्फासारखा गार होता. नखं निळी पडली होती. हाताला ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास येत होता, आणि देऱ्यात तेव्हा शेवाळ धरेल असा एक दगड नव्हता. मी हात सोडला.

"पाणी अजून कमीच हाय," चाचा म्हणाले आणि पीठ मळायला बसले. उजव्या हाताने.

त्यानंतर मी त्यांची थट्टा केली नाही. टायपिस्टलाही करू दिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या बोटीने आलेल्या एका गाववाल्याने निरोप आणला. अम्माला आता दिसत नाही, खाणं सुटलंय, आणि दाराशी पाऊल वाजलं की विचारते, दोघं आले का? मी चाचांना म्हणालो, "आता तरी जा. म्हातारी जायच्या वाटेवर आहे."

"पाणी वाढू दे."

"आणि नाही वाढलं तर?"

त्यांचे डोळे भरले होते. रोज सकाळी आता आम्ही सगळेच त्यांच्याभोवती बसायचो. पाणी उतरलंय. पाणी नितळ हाय. मासे तळाशी हायत. टायपिस्टसुद्धा श्वास रोखून ऐकायचा.

मग एका सकाळी चाचांनी हात घातला आणि डोळे मिटलेच नाहीत. डब्यातलं पाणी थरथरत होतं, हे आम्ही चौघांनी पाहिलं. "पाणी वाढलं," ते हळूच म्हणाले. "सामन चढला. यल्ला, निघायला पाहिजे."

बोट बाहेर समुद्रात उभी राहायची, तिथपर्यंत माणसांना लाँच न्यायची. धक्क्यावर मी त्यांची ट्रंक धरून उभा होतो. चाचांचा डावा हात अंगापासून जरा दूर होता, मुलाला गर्दीतून नेताना असतो तसा, आणि मूठ अर्धवट मिटलेली. लाँचमध्ये चढताना ते बाजूला झाले, क्षणभर थांबले, मग मागून स्वतः चढले. भर उन्हात मला थंडी वाजली.

रजेवर गेलो तेव्हा मी तरीतून खाडी ओलांडून त्यांच्या घरी गेलो. चाचांची बहीण दारात आली. अम्मा गेली होती. चाचाही नव्हते. चाळिसावं झालं आणि ते कुठल्याशा जहाजावर निघून गेले, कुठे ते सांगितलं नाही. पुढेही कधी त्यांची खबर आली नाही.

चहा देऊन ती माझ्यासमोर बसली. म्हणाली, "भाई एकटाच आला हो. अम्माच्या खाटेशी बसला आणि दोन्ही हात तिच्या हातांत दिले. अम्माने उजवा हात चाचपला, म्हणाली, मोठ्या, आलास? मग डावा हात धरला आणि रडायलाच लागली. म्हणाली, धाकट्या, किती रे गार पडलास! मला म्हणाली, ह्याला पांघरूण घाल."

"मग?"

"घातलं. भाईच्या डाव्या बाजूला, कुणी नव्हतं तिथे. काय करणार, अम्मा सांगत होती. तिने सकाळपर्यंत दोघांचे हात धरून ठेवले. हसत गेली माझी अम्मा." तिने पदराने डोळे पुसले. "अम्मा गेल्यावर मी भाईचा तो हात सोडवला, तेव्हा तो तुमच्याआमच्यासारखा ऊन होता. तुम्ही तिकडे त्याच्याबरोबर होतात. आल्यावर तो हात इतका गार का होता?"

मी कारकून माणूस. अशा प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि तेही माझं नव्हतं.

"पाणी वाढलं होतं," मी म्हणालो.