हातात दिलेली विहीर

"आधी हातात देजो, मंग तोंड उघडजो."

आमच्या उस्तादानं मला शिकवलेलं हे पहिलं वाक्य. तो स्वतः तसंच करायचा. बाजारात बैलबंडीवर उभा राहिला की आधी एक शब्द बोलायचा नाही. खाली वाकून समोरच्याचा हात ओढायचा, तळव्यावर एक बिडी ठेवायचा आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवायचा. मग म्हणायचा, "आता आयक."

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. गोंदियाच्या एका शेठजींचा बिडीचा कारखाना होता, आणि त्यांची बंडी आठवडी बाजारांत माल विकत फिरायची. उस्ताद बोलायचा, मी डफडं वाजवायचो. मी तिसरीपर्यंत शिकलो, तो तेवढाही नाही. हल्ली म्हणे चारचौघांत कसं बोलावं, माल कसा विकावा, याचे वर्ग निघालेत. निघू द्या. आमचा वर्ग दवनीवाड्याला धानाच्या बांधीत भरला होता.

रोवणी चालू होती. बाया चिखलात वाकलेल्या. उस्तादानं मला शेताच्या काठाला धुऱ्यावर उभं केलं आणि पार पलीकडच्या कोपऱ्यात बोट दाखवलं.

"त्या बाईची कंबर सरळ झाली पाहिजे. बोल."

"का बोलू, कशाचं बोलू?"

"बिडीचं बोल. लगनाचं बोलशीन तर मार खाशीन."

मी जीव खाऊन ओरडलो. कोणी मान वर केली नाही. जवळची एक बाई तेवढी म्हणाली, "कोनाचा बैल हरपला गा?" सगळ्या खदखदल्या. उस्ताद हसला नाही. "वरडू नको, सांग," म्हणाला. "वरडनं घशातून येते, सांगनं पोटातून." दिवस कलेपर्यंत मी तिथंच. शेवटी ती कोपऱ्यातली बाई सरळ झाली अन् म्हणाली, "आन बाप्पा तुही बिडी, पन आता चूप बस!" उस्तादाच्या हिशेबानं मी पास झालो.

दुसरा धडा त्यानं चिचगडच्या बाजारात दिला. "जो उभा हाय तो उभाच हाय. त्याच्यासंग कायले बोलतेस? जो जाऊन राहिला त्याच्यासंग बोलजो. त्याची पाठ माघारी फिरली तर तू बोलनारा."

आणि खरंच, पाठ करून बैल घेऊन चाललेला माणूस त्याच्या बोलण्यानं बैलासकट मागे फिरलेला मी पाहिला आहे. "उस्ताद, अजून एक फुकट दे ना गा," असं कोणी म्हटलं की तो म्हणायचा, "दुसरी फुकट देल्ली तर पहिलीची इज्जत जाते." खोटं मात्र बोलायचा नाही. पावसात बिडी सादळली असली तर सांगून टाकायचा, "आज चुलीवर शेकून ओढजो."

सालेकशाच्या बाजारात पहिली बिडी ठरलेली असायची. जवळच्या टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, एक म्हातारी यायची, डोक्यावर मोहफुलांची टोपली. तिला दिल्याशिवाय तो बोलायला सुरुवात करत नसे. "घे माय," म्हणायचा. त्या टोल्याला विहीर नव्हती. बाया नाल्यात झिरे खोदून पाणी भरायच्या. म्हातारी सगळं त्याला सांगायची, तो ऐकून घ्यायचा.

मग चुनाव आला. शेठजी उभे राहिले. त्यांच्या घरी उस्ताद कायम पायरीजवळ पोत्यावर बसायचा. त्या दिवशी प्रचाराचं बोलायला बोलावून त्याला खुर्ची दिली. लोक म्हणतात त्याला धाक घातला. कोणी धाक घातला नाही. मी पायरीशी उभा होतो. त्याला खुर्ची दिली, बस.

तो म्हणाला, "शेठजी, बिडी हातात देता येते. टोल्यावर विहीर देऊ म्हनता, ते हातात कशी देऊ?"

शेठजी म्हणाले, "वो तू सोच. बोलने का काम तेरा."

त्यानं विचार केला. पाऊस नुकताच सरला होता, जमीन ओली होती. टोल्यावर जाऊन त्यानं फावडं मागितलं, कडुलिंबाजवळची माती उकरली आणि एकेका बाईच्या हातात ओलं ढेकूळ ठेवलं. म्हातारीची बोटं आपल्या हातानं मिटवली. "घे माय. हे तुही विहीर. वरची माती तुले देल्ली, खालचं पानी शेठजी देतीन."

तसं बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. बाया रडत होत्या. डफडं वाजवायचं माझ्याही ध्यानात राहिलं नाही. त्या टोल्याची सगळी मतं शेठजींच्या पेटीत पडली, शेठजी निवडून आले.

हिवाळा गेला. उन्हाळा लागला. कडुलिंबाजवळ उस्तादानं उकरलेला खड्डा होता, तेवढाच होता.

सालेकशाचा बाजार भरला. म्हातारी आली. उस्ताद बिडी घेऊन वाकला, "घे माय." तिनं बिडी घेतली नाही. पदराची गाठ सोडली, वाळून दगड झालेलं ढेकूळ काढलं, त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची बोटं मिटवली. अगदी त्याच्यासारखी.

"आता मी बोलतो, तू आयक," ती म्हणाली. "तुही विहीर तू घे. आमी नाल्यावर जातो."

उस्तादानं तोंड उघडलं. गर्दीतून कोणी ओरडलं, "बोल ना गा उस्ताद! आता काऊन चूप?" मी डफडं जोरात वाजवलं, म्हटलं तेवढ्यात सुचेल काही. ढेकूळ मुठीत धरूनच तो बंडीवरून उतरला.

दुसऱ्या दिवशी तो शेठजींकडे गेला. मी सोबत होतो. खुर्ची नव्हती. त्यानं पांढऱ्या गादीवर ते ढेकूळ ठेवलं आणि म्हणाला, "शेठजी, विहीर पाहिजे."

"देखेंगे," शेठजी म्हणाले. मुनीमजींनी दोन बोटांनी ढेकूळ उचलून बाहेर फेकलं आणि गादी झटकली. "जरा सी मिट्टी के लिए पूरी गद्दी खराब कर दी."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "अगले बाज़ार से तू बोल."

मी बोललो. त्याची जागा घेतली असं अजूनही लोक म्हणतात. घेतली. बंडी काय रिकामी ठेवायची होती? मी बिडी विकली, आणि बिडी खरी होती. शेठजींसाठी मी कधी बोललो नाही. खुर्चीही आली होती माझ्यासाठी पुढच्या चुनावात. मी पोत्यावर बसलो.

माझ्या पहिल्या बाजारी उस्ताद आला होता. गर्दीच्या मागे उभा राहून ऐकत होता. मी एकाच्या हातात बिडी दिली, मग तोंड उघडलं, सगळं त्यानं सांगितलं तसं. जरा वेळानं तो वळला आणि स्टेशनच्या रस्त्यानं चालू लागला.

जो जाऊन राहिला त्याच्यासंग बोलायचं, म्हणून मी बिडीचं बोलणं सोडलं अन् त्यालाच हाक घातली. घशातून नाही, पोटातून. "उस्ताद! अजून बोलनं झालं नाही माझं! थांब ना गा!"

मोहावाल्या, मीठवाले, बैलवाले, अख्खा बाजार माझ्याकडे वळला. त्याची पाठ तेवढी फिरली नाही.