काऊन म्हणजे कोण नाही

देवीदास शहारे रागावला की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. एकतीस वर्षं नाटकमंडळीत प्रॉम्प्टर म्हणून काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? विंगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, मांडीवर वही घ्यायची आणि पुढचं वाक्य अशा बेतानं सोडायचं की नटाला ऐकू जावं, पण पहिल्या रांगेतल्या सरपंचाला जाऊ नये. झाडीपट्टीतलं, म्हणजे पूर्व विदर्भातलं, नाटक आठ-दहा दिवसांच्या तालमीवर उभं राहतं. नट कितीही मोठा असो, त्याची अब्रू त्या कुजबुजीवर टांगलेली असते. टाळ्या नटाला आणि डास प्रॉम्प्टरला, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेली. देवीदासची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. घरी मात्र तो कुजबुजायला लागला की कलाबाई ओळखायची, नवऱ्याचं काहीतरी बिनसलं.

यंदा दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस तो सारखा कुजबुजत होता.

निमित्त होतं एका मालिकेचं. 'हरा सोना' नावाची, तेंदूपत्त्याच्या धंद्यातल्या माफियावर बेतलेली हिंदी मालिका. मोबाइलवर बघायची, एकेक सीझन आठ भागांचा. पहिल्या सीझनमधला डॉन नागपुरात होता. दुसऱ्यात तो पळून इकडे, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-दरेकशाच्या जंगलात येतो. मग काय विचारता. ज्यांनी जन्मात दरेकशाचं स्टेशन पाहिलं नव्हतं, तेही छातीवर हात ठेवून सांगायला लागले की हे आपलं आहे.

आणि मतं तर अशी, की ज्याला तोंड त्याला मत. आमच्या अर्जुनीच्या बसस्टँडवर गुलाबचंदचं चहा-आलूबोंड्याचं हॉटेल आहे. तिथे रोज सकाळी या सीझनची पंचायत भरायची. गुलाबचंद म्हणायचा, "पहिला सीझन तो ट्रेलर था भैया, असली माल अब आया." पोस्टमन म्हणायचा, "काही दम नाही. पयले डोळ्यानं मारे तो डॉन, आता रडून राहिला." शाळेच्या गुरुजींना जंगल फार देखणं वाटलं आणि गोष्ट फार लांबलेली. सालेकशाहून कलाबाईचा भाऊ बकाराम फोनवर तणतणला. तो दर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जातो. "भाऊजी, भर पावसात पत्ता तोडून राहिले ना ते! पावसात पत्ता कोन तोडते? कोनाले इचारलं बी नाही का ह्यायनं?"

विचारलं होतं, हीच तर खरी गोम होती. देवीदासला विचारलं होतं. पत्त्याबद्दल नाही, बोलीबद्दल. प्रत्येक भागाच्या शेवटी झरझर वर सरकणाऱ्या नावांत एक नाव होतं, 'बोली मार्गदर्शन : देवीदास शहारे'. गुलाबचंदनं तिथेच चित्र थांबवून फोटो काढला, मोठा करून आणला आणि गल्ल्यामागे चिकटवला. देवीदासला तो फोटो दिसला की तळपायाची आग मस्तकात जायची. त्या दिवसापासून तो तिथला चहा प्यायचा बंद झाला.

कारण बाकी सगळ्यावर भांडणारी ही माणसं एका गोष्टीवर एकमतानं शिट्ट्या मारत होती. सहाव्या भागात डॉन एका तरण्या पोराला गाडीखाली चिरडतो. पोराची आई धावत येते, डॉनसमोर उभी राहते आणि विचारते, "काऊन?" डॉन गॉगल काढतो, जरासा हसतो आणि म्हणतो, "मैं."

झालं. ऑटोंच्या पाठीवर 'काऊन? मैं.' लिहिलं गेलं. वरातीत डीजेवाले वाजवायला लागले. ग्रामपंचायतीत शिपायानं "बाहेर कोन आहे?" असं विचारलं, तरी बाहेरचा माणूस गॉगल काढल्याचा आव आणून "मैं" म्हणायचा.

आता झाडीतलं शेंबडं पोर सांगेल की काऊन म्हणजे का. कोण म्हणायचं तर आमच्याकडे कोन म्हणतात. मुंबईतल्या कुणा शहाण्याच्या कानाला काऊन म्हणजे हिंदीतला कौन वाटला आणि त्यानं आईच्या प्रश्नाचं पार वाटोळं केलं. ती विचारते का मारलंस, आणि हा आपलं नाव सांगतो. बरं, मुंबईवाल्याला एक वेळ माफ. त्याला काय कळतं! पण आपल्या माणसांना काय झालं? पोस्टमनला कळत नव्हतं का? गुरुजींना कळत नव्हतं? देवीदासनं पोस्टमनला भर रस्त्यात अडवून विचारलंही. पोस्टमन म्हणाला, "समजते ना गा. पन मजा येते. चालते."

"चालते," देवीदास कुजबुजला, आणि सायकल वळवून घरी आला.

त्याच्या रागाचं एवढंच कारण असतं, तर तो आठ दिवसांत निवलाही असता. पण तो शब्द वहीतला नव्हता. तो त्याच्या घरातला होता.

नऊ वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या रस्त्यावर त्याच्या थोरल्या पोराला, लोकेशला, टिप्परनं उडवलं. बावीस वर्षांचा होता. कलाबाई शेतातल्या बांधीतून तशीच धावत आली, कोपरापर्यंत चिखल. ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. तिनं चिखलाच्या हातांनी त्याचा शर्ट धरला आणि अगदी हळू विचारलं, "काऊन गा?" हा गा आपल्या माणसाला लावायचा असतो, भावाला, दिराला, शेजाऱ्याला. त्या घडीलाही तिच्या तोंडून शिवी गेली नाही, गा गेला. ड्रायव्हर शर्टावरच्या चिखलाकडे बघत राहिला, बोलला काहीच नाही. आणि शेजारी उभा असलेला देवीदास, जो जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवत आला, त्यालाही त्या वेळी काही सुचलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मालिकावाले दरेकशाला आले. बोली शिकवायला माणूस पाहिजे म्हणून कुणीतरी देवीदासचं नाव सुचवलं. तो दोन दिवस गेला. त्या आईच्या तोंडी लेखकानं दोन पानं घातली होती, शाप आणि शपथा आणि आभाळ-धरणी. देवीदासनं वाचली आणि त्याचा आवाज तिथेच उतरला. "एवढं कोनी बोलत नाही," तो म्हणाला.

"तो फिर माँ क्या बोलेगी?" टोपीवाल्या दिग्दर्शकानं विचारलं.

आणि देवीदासच्या तोंडून निघून गेलं, "काऊन गा?"

त्यानं अर्थही समजावून सांगितला होता. नटी चांगली होती, चौथ्या खेपेला तिला बरोबर जमलं. ठरलं असं की डॉन उत्तर देणार नाही, नुसती मान खाली घालेल. तसं चित्रणही झालं. चहावालासुद्धा कपात चहा ओतायचा थांबला होता. देवीदास घरी आला तो हलका होऊन. लोकेशचं कुठेतरी, काहीतरी राहिलं, असं त्याला वाटलं. कलाबाईला मात्र त्यानं सांगितलं नाही. योग्य वेळी सांगू म्हणाला. आणि योग्य वेळ कधी येते, ते आपल्याला माहीत आहेच.

मग मुंबईत कापाकापी झाली. गा उडाला, खाली गेलेली मान उडाली आणि गॉगल आला.

दसऱ्याला त्याची मुलगी स्नेहल गोंदियाहून घरी आली. ती तिथे रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दुपारची जेवणं झाली आणि कलाबाई तिला म्हणाली, "थो शिरियल दाखव बरं. बाबाचं नाव येते म्हनतेत." देवीदास वसरीत विळ्याला धार लावत होता. त्यानं हात थांबवला, पण नको म्हणायचंही त्याला सुचलं नाही. माझ्या मते, त्याची खरी चूक ती. आधी सांगितलं नाही ते सोडा, निदान तेव्हा तरी उठायचं होतं.

सहावा भाग आला. "काऊन? मैं." मागे ढोल वाजले.

कलाबाईनं मोबाइल स्नेहलच्या मांडीवर पालथा ठेवला. मग वसरीत येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"हे तिले कोनी सांगितलं?"

"म्या," देवीदास म्हणाला.

"मले इचारलं होतं?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"अवो, म्या कोन नव्हतं इचारलं," कलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "कोन थो तं माह्यासमोर उभाच होता. तुमी बी होते तती. म्या काऊन इचारलं होतं. नऊ वर्सं झाले, मी अजून तेच इचारून राहिली. अन् तुमी थो शब्द नेऊन देला त्यायले, हासाले."

"तवा असं नव्हतं वं. त्यायनं बदलवलं."

"मले नोका सांगू. शब्द तुमी देला, तुमीच वापस आना."

एवढं बोलून ती परसात गेली. देवीदासला तिचा राग आला नाही. स्वतःचा आला, आणि तो सगळ्यात वाईट. विळा बाजूला ठेवून त्यानं स्नेहलला दिग्दर्शकाला फोन लावायला सांगितला. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला. देवीदासनं सगळं सांगितलं, अगदी टिप्परसकट.

"सॉरी काका," दिग्दर्शक म्हणाला. "पर देखिए, आधे लोग सीझन को गाली दे रहे हैं, आधे तारीफ कर रहे हैं. ये एक ही डायलॉग है जो सबको पसंद आया. अब वो हमारा नहीं रहा, पब्लिक का हो गया."

"थो पब्लिकचा नोहे," देवीदास म्हणाला, "थो माह्या बायकोचा होय." फोन तोवर बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जुनीत एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात नव्या नाटकाची तालीम होती. दिवाळीनंतर खेळ सुरू होणार होते. मंडळीचा मालक चंद्रकुमार खलनायकाचं काम स्वतःच करतो. माणूस वाईट नाही, पण शिट्टी ऐकली की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. देवीदास खुर्चीवर बसला, वही उघडली आणि दुसऱ्या अंकात त्याला निळ्या शाईनं नवीन घातलेल्या दोन ओळी दिसल्या.

आई : काऊन?
खलनायक : मैं.

"हे काय होय?" त्यानं विचारलं.

"पब्लिकची डिमांड आहे काका," चंद्रकुमार म्हणाला. "अन् तुमचाच तं शब्द आहे. पोस्टरवर तुमचं बी नाव टाकतो ना, 'हरा सोना'वाले म्हनून."

"काहाड थे."

"काऊन काहाडू?"

"आता काऊन म्हनलास नं? मंग काऊनचा अर्थ समजते तुले."

पेटीवाला हसला, दोघं-चौघं हसले. चंद्रकुमारही हसला. "समजते ना काका. पन एवढं कायले मनावर घेता? पन्नास गावात टाळी पडन. चला, दुर्गाबाई, एंट्री घ्या."

आईचं काम करणारी दुर्गा पुढे आली. पदर सावरला आणि म्हणाली, "काऊन?" चंद्रकुमारनं गॉगल काढला आणि, वाक्य पाठ असूनही, सवयीप्रमाणे कान विंगेकडे दिला. विंगेतून काहीच आलं नाही. त्याचं त्यानंच म्हटलं, "मैं." गोदामात शिट्टी वाजली.

देवीदासनं वही मिटली. एकतीस वर्षांत त्यानं चालू प्रवेशात कधी वही मिटली नव्हती. तो उठला, वही खुर्चीवर ठेवली आणि खडूनं आखलेली रंगमंचाची रेघ ओलांडून आत आला. दुर्गा आपोआप बाजूला सरकली. त्यानं दोन्ही हातांनी चंद्रकुमारचा शर्ट छातीशी धरला.

"काऊन गा?" त्यानं विचारलं. तो कुजबुजला नाही. गोदामाच्या पत्र्यापर्यंत आवाज गेला आणि पेटीवाल्याचे हात थांबले.

चंद्रकुमारला वाटलं, काका काम करून दाखवताहेत. तो हसत म्हणाला, "मैं."

"कोन नाही इचारलं म्या. कोन थो समोर उभा आहे, दिसते मले. माह्या लोकेशच्या मायनं त्या ड्रायव्हरले असंच धरलं होतं, अन् हेच इचारलं होतं. थो तिचा शब्द होय. आता सांग. काऊन गा?"

लोकेशचं नाव मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या मातीला चंद्रकुमार स्वतः आला होता. आता त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. देवीदासनं शर्ट सोडला नाही.

शब्द अडला की नट जे करतो तेच मग चंद्रकुमारनं केलं. त्यानं विंगेकडे पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती, खुर्चीवर मिटलेली वही होती, आणि पुढचं वाक्य सांगायला कोणी नव्हतं.