दशरथमामांचा दम

बिबवेवाडीच्या विहारात रविवारची वंदना दशरथमामा सांगत. टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, खांबावर चढायचं काम उरलं नाही, तेव्हा मामांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आवाज मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हता. एकेक ओळ ते एका दमात ओढत, मागच्यांना धाप लागे, आणि मामांना त्याचा जरा जास्तच अभिमान होता.

नेमकी त्यांच्याच फुप्फुसात गाठ निघाली. ऑपरेशन झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून गाठीवर नेम धरून किरण द्यायचे ठरले. श्वासाबरोबर गाठ हलते. ती मशीनला सापडावी म्हणून डॉक्टरांनी सुईने तिच्याजवळ सोन्याचे तीन बारीक दाणे ठेवले. हिंजवडीत नोकरीला असलेल्या अभयने वडिलांना ते लॅपटॉपवर स्कॅनमध्ये दाखवले.

"तुझ्या आईला सांगू नकोस," मामा म्हणाले, "मागून घेईल."

आठवडाभर जोर लावायचा नाही, दुखलं तर लगेच यायचं, असं बजावलं होतं. रविवारी मामा विहारात हजर. दुसऱ्याच ओळीला छातीत कळ आली आणि आवाज मध्येच तुटला.

"काही नाही, ठसका," ते म्हणाले.

प्रेमलाबाईंनी उभा संसार त्या आवाजाशेजारी काढला होता. त्यांनी वाद न घालता रिक्षा थांबवली.

एक्स-रेत दिसलं की सुईच्या जागेतून हवा झिरपून फुप्फुस बसलंय आणि एक दाणा सरकलाय. आता किरण देता येतील की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. हवा काढायला मामांच्या छातीत नळी घातली.

"आजोबा, स्पर्धा होती का?" डॉक्टरांनी विचारलं. मग मामांचा चेहरा बघून नरमले. "वंदनेनेच झालं असं नाही. सुई घातल्यावर होतं कधी कधी. लपवलंत, ते मात्र तुमचं."

फुप्फुस हळूहळू फुललं. दोन दाणे जागेवर होते, त्यांच्यावर भागलं. मशीनखाली मामा मुकाट्याने लहान लहान श्वास घेत पडून राहिले. पुढच्या तपासणीत गाठ आक्रसलेली दिसली आणि घराचा जीव भांड्यात पडला.

मामा पुन्हा वंदनेला उभे राहिले. ओळीच्या मध्यावर दम संपला. ते थांबले, शरमले. मागे सगळेच थांबले, कोणी पुढे गेलं नाही. मामांनी श्वास भरून घेतला, मग सगळ्यांनी मिळून उरलेली ओळ म्हटली.

घरी येताना ते मान खाली घालून चालत होते.

"अहो, वाईट काय वाटून घेताय," प्रेमलाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आम्हाला श्वास घ्यायला मिळाला."