होऊन राहिलं

आमच्या वरच्या फ्लॅटमधले काका कधी बसत नाहीत. कम्प्युटर अडला की मी हाक मारते. ते येतात, उभ्यानेच माउस धरतात, एक पाय हलवत राहतात आणि पुटपुटतात, "होऊन राहिलं, होऊन राहिलं." 'झालं' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

परवा अपडेट घ्यायला गेले, तर स्क्रीनवर ओळ आली: 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहेत.' कम्प्युटर माझा, घर माझं. कसली संस्था? मला धडकीच भरली. काकांना बोलावलं. त्यांनी ओळ वाचली आणि हलणारा पाय थांबला.

"कुणी हॅक केलंय का, काका?"

"नाही वं. अपडेट मीच बंद करून ठेवलं होतं. तसं केलं का अशी ओळ येते."

"काहून?" रागात मी 'का'साठी त्यांचाच वऱ्हाडी शब्द वापरला.

"जुनं सगळं मले येते. नवीन आलं का समजत नाही. मंग तू दुकानवाल्याले बोलावलं असतं."

त्यांनीच बंदी काढली, अपडेट सुरू केलं आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले. पडद्यावरचं वर्तुळ फिरायचं थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.

"झालं," म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

कम्प्युटर आता कुरकुरत नाही. डोक्यावर मात्र त्यांच्या येरझाऱ्या दिवसभर चालू असतात, आणि हाक मारायला माझ्याकडे काही निमित्तच उरलेलं नाही.