संत आत, मी बाहेर

न्युरेम्बर्गजवळच्या आमच्या बोगद्याच्या तोंडाशी एका संत बाईची लाकडी मूर्ती होती. हिरवा झगा, हातात इवलासा मनोरा. बोगदे खणणाऱ्यांची ती राखणदार. मी तिथली भूगर्भतज्ज्ञ. रोज सकाळी आत जाऊन ताजा खडक बघायचा, भेगा आणि ओल टिपायची, पुढे खणायचं की आधी आधार द्यायचा ते सांगायचं, हे माझं काम. आत शिरताना सगळ्यांसारखी मीही तिच्यासमोर हेल्मेटला हात लावायचे. आवडायची मला ती.

डिसेंबरात तिचा सण आला. त्या दिवशी काम बंद असतं, पाद्री येतो. यंदा मूर्ती आत, नव्या कोनाड्यात न्यायची होती. आदल्या दिवशी म्हातारा मुकादम आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला की उद्या मी बाहेरच थांबावं. बाई आत आली तर डोंगर रागावतो, असं त्याच्या टोळीतली जुनी माणसं मानत. एरवी चालवून घेत, पण सणाला नको.

मी तडक इथल्याच आमच्या, मूळ पुण्याच्या सीनियरकडे गेले. त्यांना मी दादा म्हणायचे, गणपतीत त्यांच्या घरी मोदक वळायला जायचे. ते एक शब्द बोलले असते तर मुकादमाला ऐकावंच लागलं असतं. सणाला बाहेर थांबले तर हे लोक नंतरही थांबवतील, असं मी त्यांना सांगितलं. दादा कॉफी ढवळत राहिले.

"अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आपल्याकडे नाही का बायका गाभाऱ्याबाहेर थांबत? तेव्हा उगाच वाद नको."

मुकादमाचा राग आला होता. दादांची शिसारी आली. ज्या 'आपल्याकडे'ला विटून मी इथे आले, ते यांनी लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत भरून आणलं होतं.

सणाला मी बोगद्याच्या तोंडाशी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे चिखलात उभी होते. कुणीतरी हातात कागदी बशी दिली. कोमट, गुलाबी मांसाचा आणि बिअरचा वास एकत्र येत होता. मी बशी तशीच खाली ठेवली. पाद्री संतचरित्र सांगत होता. कुणाची नजर पडू नये म्हणून श्रीमंत बापाने तिला मनोऱ्यात कोंडलं. दोनच खिडक्या. बाप परगावी गेल्यावर तिने बापाला नको असलेल्या आपल्या नव्या देवासाठी भिंतीत तिसरी पाडून घेतली. बाप परतला, त्याने स्वतःच्या हाताने तिचं डोकं उडवलं आणि घरी जाताना वीज पडून मेला. टोप्या काढून उभे असलेले बाप्ये डोळे पुसत होते. त्या गहिवराची मला किळस आली.

मग मुकादमाने मूर्ती उचलली आणि सगळे तिच्यामागून आत गेले. दादाही गेले, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी खडक बघायला निघाले. दादा बरोबर होते. नव्या कोनाड्याला जाड काच होती, पोलादी चौकट आणि कुलूप. मी हेल्मेटला हात न लावता पुढे झाले.

"आज नमस्कार नाही?" दादांनी विचारलं.

"तिच्या बापाने निदान दोन खिडक्या ठेवल्या होत्या, दादा."

मी खडकाची पाहणी केली, भेगा टिपल्या. पुढच्या गणपतीत मोदक वळायला मी गेले नाही.