सोमणाची खुर्ची, माझी जळजळ

उम्म सईदला वाळू साठायची तसे किस्से साठले. दार लावा, खिडकीच्या फटीत कापड कोंबा, दुपारी टेबलावर बोट फिरवलं की थर आहेच! तेव्हा कुणी मुद्दाम काही साठवत नव्हतं. आता मात्र चिपळूण-रत्नागिरीकडे कुणाच्या लग्नात आम्ही जुने कतरवाले चार जण भेटलो, की बिर्याणी येईपर्यंत एकच फर्माईश होते, "परकार, सोमणाचं सांग!"

सोमणाचं सांगायचं म्हणजे माझी फजिती सांगायची. प्रत्येक किश्शात तो जिंकतो आणि मी जळतो. पण आता वय झालं, लपवून काय करायचंय?

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. कतरच्या पूर्व किनाऱ्यावर उम्म सईद हे तेल कंपनीचं बंदर होतं. वाळवंटातून पाइपने तेल यायचं, टाक्यांत साठायचं आणि समुद्रात उभ्या असलेल्या टँकरमध्ये भरलं जायचं. भरणं सुरू कधी, बंद कधी, जहाज सुटणार कधी, हे सगळं एका माणसाने टेलिफोनवरून सांभाळायचं. त्याला डिस्पॅचर म्हणायचे. आमचा डिस्पॅचर म्हणजे गुहागरचा सदाशिव सोमण. मी त्याचा असिस्टंट, चिपळूणचा इब्राहिम परकार.

त्याच्याकडे दोन टेलिफोन आणि एक फिरती खुर्ची होती, तीही बरोबर एअरकंडिशनरच्या झोतात! माझ्याकडे लाकडी स्टूल होतं. सात वर्षं मी त्या खुर्चीकडे बघत पेन्सिली तासल्या.

* * *

सोमण तेव्हा फार तापट. एका फोनवर टँकरचा कॅप्टन, दुसऱ्यावर पंपहाऊसमधला आमचा दाऊद. हा दाऊद राजापूरचा, व्हॉल्व्ह उघडणं-बंद करणं त्याचं काम. कॅप्टनशी सोमण इतकं गोड इंग्रजी बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा चहाला बोलावतोय. दाऊदशी बोलताना मात्र कोकणातल्या ठेवणीतल्या शिव्या!

एक दिवस दोन्ही फोन एकदम वाजले. सोमणाने दोन्ही उचलले, एक डाव्या कानाला, एक उजव्या. आणि गडबडीत कान बदलले! कॅप्टनला अस्सल गुहागरी शिवी गेली. दाऊदला गेलं, "माय डिअर सर, वुड यू काइंडली क्लोज द व्हॉल्व्ह, प्लीज?"

कॅप्टनला काही कळलं नाही, पण आवाज ऐकून त्याने मुकाट्याने भरणं थांबवायची तयारी केली. दाऊद मात्र व्हॉल्व्ह बंद करून भर उन्हात सायकल हाणत ऑफिसात आला. घामाने निथळत होता.

"परकारभाय," तो दारातूनच ओरडला, "सोमणसाब प्लीज बोलले! तब्येत बरी हाय ना त्यांची?"

खरं सांगायचं तर तब्येत बरी नव्हतीच. सोमणाला अल्सर होता. टेबलाच्या खणात पांढऱ्या औषधाची बाटली असायची आणि दर जहाजामागे तो दोन घोट घ्यायचा. मला त्याची दया यायला हवी होती. पण मी बघायचो ते खुर्चीकडेच.

* * *

मग सोमण रजेवर गेला. दोन वर्षांनी तीन महिने रजा मिळायची, बोटीने मुंबई. परत आला तो निम्मा होऊन. बोटीतून उतरताना बरोबर एक घोंगडी आणि चेहऱ्यावर हसू. आल्या आल्या मेसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "मी डिस्पॅच सोडतोय. मुंबईत एका गुरुजींकडे आसनं शिकलो. आता तीच शिकवणार."

मेसमध्ये असा हशा पिकला, की भिंतीवरची पाल पळाली. वाळवंटात आसनं! तेलाच्या बंदरात योग! सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. आणि सगळ्यांच्या आधी जेवण टाकून मी ऑफिसात पळालो.

खुर्चीत बसलो. एकदा डावीकडे फिरलो, एकदा उजवीकडे. झोत बरोबर मानेवर येत होता. सात वर्षांचं चीज झालं! त्याच बैठकीत घरी बायकोला पत्र लिहिलं, "सकीना, खुर्ची मिळाली."

पत्र लिहून होतंय तोच दोन्ही फोन वाजले.

* * *

मला वाटलं, सोमण आता पुढच्या बोटीने गुहागरला जाईल. नोकरी नाही तर कॅम्पात जागा नाही, असा नियम होता. आमचे बडे साहेब मिस्टर प्रॉक्टर यांनी त्याला तसं स्पष्ट सांगितलंही.

पण प्रॉक्टरसाहेबांना गोल्फचा नाद. आमच्याकडे गवत कुठलं? वाळूवर तेल ओतून ती दाबायची आणि त्यावर साहेब लोक चेंडू ढकलत बसायचे. एका संध्याकाळी साहेब चेंडू उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले! कंबर धरली. कॅम्पचा डॉक्टर दोह्याला गेलेला. चार जणांनी उचलायला बघितलं, तर साहेबांनी चौघांनाही नोकरीवरून काढायची धमकी दिली.

सोमण तिथूनच जात होता. त्याने साहेबांना हळूच कुशीवर घेतलं, वाळूवर निजवलं, गुडघे पोटाशी आणले आणि म्हणाला, "सर, ब्रीद आउट. नो, सर. नॉट अँगर. ओन्ली ब्रेथ."

अर्ध्या तासाने साहेब चालत बंगल्यावर गेले. पंधरा दिवसांत कॅम्पात नवी जागा निघाली, रिक्रिएशन क्लबचा इन्स्ट्रक्टर! आणि जागेबरोबर काय मिळालं, माहीत आहे? सीनियर स्टाफच्या ओळीत खोली. स्वतंत्र. एअरकंडिशनरसकट!

मी बॅरॅकमध्ये तिघांत एक पंखा वाटून घेत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पोटात आग पडली. मी खण उघडला. सोमणाची बाटली तिथेच होती. दोन घोट घेतले.

* * *

त्याच्या वर्गाला कुणी जाणार नाही अशी माझी खात्री होती. खास करून आमचे हसनमामू. हे मेसचे कुक, दाभोळचे, साठीला टेकलेले, जिभेचे तिखट. सोमण त्यांना बोलवायला आला तेव्हा मी मुद्दाम मजा बघायला थांबलो.

"अरे सोमण," मामू म्हणाले, "मी दिवसातून पाच वेळा अल्लापुढे वाकतो. आता तुझ्यापुढे आणि किती वाकू?"

मी मनात म्हटलं, शाब्बास मामू! पण सोमण रागावेना. जुना सोमण असता तर भाताची डेग उलटी केली असती. नवा म्हणाला, "तेच तर, मामू! इतकं सरळ वाकणारा आख्ख्या कॅम्पात दुसरा नाही. माझी पाठ अजून तशी होत नाही. तुम्ही पुढे बसा, पोरं तुमचं बघून शिकतील."

मामू दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत! आणि आठवड्याभरात मेसच्या आमटीतलं तिखट निम्मं झालं. "सोमण बोलला, पोटाला थंड पायजे." सात वर्षं मी सांगत होतो, माझं कुणी ऐकलं नव्हतं.

* * *

आता गॅसचा किस्सा. आमच्या तेलात विषारी गॅस असायचा. गॅस सुटला की माणूस जागच्या जागी आडवा, त्यामुळे सगळ्या जहाजांना सक्त ताकीद असायची, किनाऱ्यावर माणसं पडलेली दिसली तर जवळ यायचं नाही, आधी कळवायचं.

सोमणाचा वर्ग भरायचा जेटीजवळ, वाऱ्याला. शेवटी शवासन. तेवीस माणसं रांगेत उताणी, माशा बसू नयेत म्हणून तोंडावर पांढरे टॉवेल! नेमका तेव्हाच एका नव्या टँकरचा कॅप्टन लाँचमधून कागद घेऊन येत होता. त्याने दुर्बिणीतून बघितलं आणि लाँच तिथूनच मागे वळवली. जहाजावर पोचताच वायरलेस, जहाजाचा भोंगा, पाठोपाठ आमचा सायरन! माझ्या टेबलावर दोन्ही फोन थरथरत होते.

"हाउ मेनी डेड?" पलीकडून कॅप्टन किंचाळला.

मी खिडकीतून बघितलं. आख्खा कॅम्प धावत होता, फक्त ते तेवीस जण हलत नव्हते! सोमणाने सांगितलं होतं ना, मी म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत.

"ट्वेंटी-थ्री, सर," मी म्हटलं, "बट दे आर ओन्ली रेस्टिंग."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही, कारण कॅप्टनने ते लेखी तक्रारीत जसंच्या तसं घातलं! जहाज सहा तास लटकलं. मेमो कुणाला? मला. सोमणाला काय? प्रॉक्टरसाहेब म्हणाले, सायरन होऊनही शिस्त मोडली नाही, असा वर्ग आर्मीतही पाहिला नाही. त्या महिन्यात मी आख्खी बाटली संपवली आणि दुसरी आणवली.

* * *

एवढ्यात सकीनाचं पत्र आलं. मोठ्या आशेने उघडलं. खुर्चीबद्दल एक ओळ, "खुर्ची मिळाली हे वाचून बरं वाटलं." पुढची दोन पानं सोमण! दाऊद रजेवर गेला होता, वाटेत चिपळूणला उतरून त्याने गावभर वर्णन केलं होतं.

"अम्माच्या गुडघ्यासाठी सोमणभावजींना आसन विचारून कळवा. ते आता रागावत नाहीत म्हणे. झोपही लागते म्हणे. तुमच्या पत्रातलं अक्षर अलीकडे फार थरथरलेलं दिसतं. तुम्ही का नाही शिकत त्यांच्याकडून?"

का नाही शिकत? सात वर्षं ज्याच्या खुर्चीवर डोळा ठेवला त्याच्याच घोंगडीवर जाऊन बसू? खुर्ची मला मिळाली होती. पण त्याला जे मिळालं होतं ते मला हवं होतं, आणि हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. गुडघ्याचं मात्र विचारलं, अम्माचा प्रश्न होता. त्याने पाऊण तास प्रेमाने सांगितलं. त्याने तर मी आणखीच जळलो.

* * *

शेवटी मी चोरून शिकायचं ठरवलं. ऑफिसच्या खिडकीतून वर्ग दिसायचा. रोज बघून बघून पद्मासन पाठ केलं. शुक्रवारचा दिवस धरला. नमाज पढून ड्युटीवर आलो. सुट्टी असल्यामुळे ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. बंदरात एकच जहाज, ते भरायला अजून तासभर होता. टेबलामागे जमिनीवर कागद पसरले, डावा पाय उचलून उजव्या मांडीवर ठेवला. मग उजवा दोन्ही हातांनी ओढून डाव्यावर चढवला. बसला! डोळे मिटले. खरंच बरं वाटलं. पाच मिनिटं बसलो असेन.

मग सोडायला गेलो तर पाय सुटेनात! पोट मध्ये येत होतं, पाय बधिर झाले होते, हात घोट्यापर्यंत नीट पोचत नव्हते. आणि वर टेबलावर फोन वाजला. मग दुसराही. म्हणजे जहाज ठरल्याआधीच भरत आलं होतं. व्हॉल्व्ह बंद करा असं दाऊदला सांगितलं नाही तर तेल समुद्रात जाणार, आणि माझी नोकरी तेलाबरोबर! मी बुडावर सरकत टेबलाशी जायला लागलो आणि कलंडलो. मग लाजबीज सोडून बोंब मारली.

दार उघडलं. दारात सोमण, खांद्यावर घोंगडी. त्याने मला बघितलं, हसला नाही. वाकून म्हणाला, "पाय ओढून चढवलास होय रे? थांब, आधी उजवा..."

"पाय राहू दे," मी ओरडलो, "फोन घे!"

तो थबकला. फोनकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"मी घेऊ?" इतक्या हळू विचारलं, की मला नीट ऐकूही आलं नाही.

"घे ना बाबा!"

सोमणाने घोंगडी खाली टाकली, खुर्ची ओढली आणि बसला. दोन्ही फोन उचलले, एक डाव्या कानाला, एक उजव्या. "डिस्पॅच!" तोच जुना आवाज, खिडकीची काच हलली! कॅप्टनला गोड इंग्रजी, दाऊदला गुहागरी शिव्या, यावेळी ज्याच्या त्या कानात. "यल्ला, बंद कर! अरे, पुरा बंद कर, तुझ्या..." दाऊदचा आवाज मला खाली जमिनीवर ऐकू येत होता, "सोमणसाब! तुम्ही? बोला, साब, आणि बोला!"

पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. व्हॉल्व्ह बंद झाला, तेलाची होज सुटली, जहाज बाहेर काढणाऱ्या पायलटची लाँच निघाली. मी तसाच पद्मासनात कलंडलेला. सोमण लाल झाला होता, शर्ट घामाने चिकटला होता, मानेची शीर टरारली होती. जहाजाने सुटल्याचा भोंगा दिला तेव्हा त्याने दोन्ही फोन हळूच ठेवले. खुर्चीत मागे रेलला. एकदा डावीकडे फिरला, एकदा उजवीकडे.

मग त्याला माझी आठवण झाली. खाली बसून त्याने माझे पाय सोडवले, पोटऱ्या चोळून दिल्या, मला धरून स्टुलावर बसवलं. घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि निघाला.

दारापाशी थांबला. मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, टेबलाकडे.

"परकार," तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी परत अडकशील का रे?"