खिशावरचा नंबर

मोबाइल कंपनीने दर वाढवले, तेव्हा आमचं वर्षाचं अ‍ॅग्रीमेंट अर्ध्यावरही आलेलं नव्हतं. माझं टाळकंच सटकलं. नव्वदचं दशक संपत आलेलं, ठाण्यात मोबाइल म्हणजे बिल्डर, डॉक्टर आणि आमच्यासारखे इस्टेट एजंट. तेव्हा आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे पडायचे, हे आता पोरांना सांगितलं तर हसतात. कंपनीचा माणूस घोडबंदर रोडवरच्या माझ्या ऑफिसात चहा पिऊन सांगून गेलेला, "साहेब, वर्षभर हाच रेट, लिहून घ्या." मी लिहूनच घेतलेलं. आणि आता बिलात भाडं वाढलेलं, इनकमिंगही वाढलेलं. जाब विचारला तर म्हणे, कागदाच्या मागे बारीक अक्षरात आहे, कंपनी कधीही दर बदलू शकते. मग पुढच्या बाजूला काय आरती छापलेली का?

मी भांडखोर, मान्य आहे. जेवताना, दाढी करताना माझा एकच विषय. "उचलला की पैसे! हॅलो म्हटलं की पैसे! लुटारू साले!" आई म्हणायची, "मग नको ना उचलूस." बाबा ताटातल्या भाताकडे बघत बसायचे.

बाबांना विसरायला व्हायला लागलेलं. आधी चष्मा, मग माझं नाव. आईला कधी ओळखायचे, कधी "अहो बाई" म्हणायचे. उभं आयुष्य आंबिवलीच्या कारखान्यात काढलेलं, तेवढं मात्र पक्कं होतं. कधीही उठायचे, इस्त्रीचा शर्ट चढवायचे आणि "ड्यूटीला चाललो" म्हणून निघायचे. आम्ही तेव्हा बाळकुमला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेलो. तिथे लँडलाइनची केबलच आलेली नव्हती, आणि पत्ता म्हणून सांगायला धड रस्त्याचं नावही नव्हतं. आईने खिशात चिठ्ठी ठेवून बघितली, ते कचरा समजून फेकून द्यायचे. मग तिने त्यांच्या सगळ्या शर्टांच्या खिशावर लाल दोऱ्याने माझा मोबाइल नंबर भरला. बाबा भडकलेले, "मी काय पार्सल आहे?" म्हणून नंबर खिशाच्या आतल्या बाजूला गेला. आईचं म्हणणं, माणूस सापडला की लोक आधी खिसाच बघतात.

इकडे मी बिलावरून माणसं गोळा करत सुटलेलो. दोन डॉक्टर, काही एजंट, एक टकलू ग्रिलवाला, ज्याचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. ठरलं, वाढीव बिल कुणीच भरायचं नाही. जो भरेल तो फितूर, हा शब्दही माझाच. कंपनीने आधी आमचं आउटगोइंग तोडलं, आणि एका सोमवारी सकाळी इनकमिंगही. आम्ही सगळे तडक नौपाड्यातल्या त्यांच्या ऑफिसात जाऊन ठिय्या मांडला. खिशात मेलेला फोन, पण छाती फुगलेली. बाबा बरेच दिवस बाहेर पडले नव्हते, घराला आतून वरची कडी होती, ती काढायचं त्यांना सुचायचं नाही, त्यामुळे तो विचार डोक्यात आलाच नाही.

दुपारी दारात आई दिसली. घरातल्याच साडीत, पायात दोन वेगळ्या चपला, बाहेर रिक्षा थांबलेली. आई एकटी कधी नौपाड्यात आलेली नव्हती. सकाळी निघताना मी कंपनीच्या ऑफिसचं नाव घेतलेलं, तेवढ्यावर आलेली.

"बाबा गेले," ती म्हणाली. मी भिंतीला धरलं. "अरे, घरातून गेले! सकाळीच! मी दळण घ्यायला खाली उतरले, तेवढ्यात. सगळं बाळकुम पालथं घातलं. तुला चार बूथवरून फोन लावला, ती बाई म्हणते सेवा बंद."

मी म्हटलं, "पोलिसात जाऊ." ती म्हणाली, "जाऊच. आधी पैसे भर."

"आई, अगं, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय..."

"मेल्या, त्यांच्या खिशावर तो एकच नंबर आहे! भर आधी!"

काउंटरवरची मुलगी ऐकत होती. मी नोटा पुढे सरकवल्या, वाढीव बिलाच्या, एक रुपया कमी न करता. मागून ग्रिलवाला गरजला, "वा शेठ! लीडरच फुटला!" मी वळून त्याची कॉलर धरलेली, आईने सोडवली. ती त्याला म्हणाली, "भाऊ, ह्याचे वडील हरवलेत." त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"सर, चालू व्हायला थोडा वेळ लागेल," मुलगी म्हणाली. थोडा म्हणजे किती, हे तिलाही माहीत नव्हतं. पोलीस चौकीत जावं तर इथे फोन चालू करून घ्यायला मागे कोण लागणार? मी ऑफिसात इकडून तिकडे फिरत होतो. फोन बंद करून चालू करायचो, खिडकीशी न्यायचो, काउंटरवर ठेवायचो, परत उचलायचो. आई खुर्चीच्या टोकावर बसून देवाचं नाव घेत होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आणि वाजला. मी जवळजवळ पाडलाच तो. "हॅलो! हॅलो!"

"कोण बोलतंय?" बाबांचा आवाज.

"बाबा! कुठे आहात तुम्ही?"

"अरे गाढवा, उचललास कशाला? पैसे पडतात ना!" आणि खाडकन फोन ठेवला.

स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेला माणूस, आणि इनकमिंगला पैसे पडतात हे तेवढं लक्षात. राहणारच. महिनाभर दुसरं काय ऐकलेलं त्यांनी घरात?

"नंबर बघा, नंबर!" ग्रिलवाला ओरडला. समोरच्याचा नंबर दिसण्याचे वेगळे पैसे होते. मी ते घेतलेलं नव्हतं. आई विचारत राहिली, "काय म्हणाले? कुठे आहेत?"

परत वाजला तेव्हा दुसराच माणूस होता. "अहो, मी आंबिवली स्टेशनबाहेरचा बूथवाला. तुमच्या बाबांनी कट केला मघाशी. सकाळपासून लावतोय तुम्हाला, बाई इंग्लिशमध्ये काहीतरी सांगते. काका बरे आहेत. वडा खाल्लाय. त्यांना घेऊन जावा."

ग्रिलवाला म्हणाला, "चला, माझा टेम्पो आहे." त्याने बिल भरलेलं नव्हतं, भरणारही नव्हता. पण आंबिवलीपर्यंत त्याने एकदाही तो विषय काढला नाही.

बाबा बूथच्या स्टुलावर बसलेले, मांडीवर रिकामा डबा. मला बघितल्यावर पहिला प्रश्न, "किती पडले?"

"फुकट होता, बाबा," मी म्हटलं. "कंपनीने वाढ मागे घेतली. इनकमिंगच फुकट केलं."

"भांडलास ना?"

"भांडलो."

ते खूश झाले. टेम्पोत आम्ही पुढेच कोंबून बसलो, बाबा माझ्या आणि आईच्या मध्ये. त्यांनी ग्रिलवाल्याला सांगितलं, "आमचा मुलगा भांडला, म्हणून झालं." ग्रिलवाला रस्त्याकडे बघत म्हणाला, "हो काका, ह्यांच्यामुळेच."

जरा वेळाने त्यांनी मला कोपराने ढोसलं. "फुकट आहे ना? मग घरी लाव. ती एकटी आहे, काळजी करत असेल."

घरी फोन नव्हता. आणि ती त्यांच्या पलीकडे, खांद्याला खांदा लावून बसलेली होती. मी काहीतरी बटणं दाबली आणि फोन त्यांच्या कानाला लावला. तेवढ्यात खिडकीतून बाहेर बघत आई म्हणाली, "हॅलो."

"अगं, मी बोलतोय," बाबा फोनमध्ये म्हणाले. "ड्यूटी सुटली. येतोय. पोळ्या टाक."

"बरं," आई म्हणाली. "सावकाश या."